पशुप्रजननातील सोनोग्राफी व संगणकीय चित्रविश्लेषण : ‘माजाच्या औषधा’च्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे आणि आयुर्वेदिक औषधालयात केवळ माणसांसाठीच औषध मागितले जाते असे नाही. ‘गाय माजावर येत नाही’, ‘म्हैस तीनदा भरवली तरी उलटते’, ‘व्यायल्यावर वार पडली नाही’ अशा तक्रारी घेऊन पशुपालक नित्य येत असतात. शालिहोत्राचा अश्ववैद्यक आणि पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद यांची परंपरा आपल्या शास्त्राला आहे. औषधिद्रव्ये व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० यातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येतही मनुष्याबरोबर प्राण्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे पशूंसाठीची आयुर्वेदिक औषधे हा आपल्या व्यवसायाचा मान्य भाग होय.

या औषधांच्या प्रचारपत्रकांत आता सोनोग्राफीची चित्रे व संगणकाने काढलेले आकडे यांचा आधार दिला जाऊ शकतो. बीजकोशाची ‘प्रतिध्वनी-घनता’ अमुक इतकी वाढली, पीतपिंडाचे ‘पिक्सेल मूल्य’ सुधारले, अशी विधाने वाचून विक्रेता व वैद्य दोघेही प्रभावित होणे साहजिक आहे. हे आकडे कसे निघतात, त्यांतून काय कळते आणि काय कळत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. चित्रातील आकडा हे प्रत्यक्ष आहे, परंतु त्यावरून अवयवाच्या कार्याविषयी काढलेला निष्कर्ष हे अनुमान आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान अशी रोगविज्ञानाची त्रिविध साधने सांगितली आहेत. त्यांतील भेद येथे ध्यानात ठेवला नाही, तर नवे यंत्र जुनीच चूक अधिक आत्मविश्वासाने करू लागते.

चित्र कसे तयार होते

मनुष्याला साधारणपणे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. गाई-म्हशींच्या प्रजननसंस्थेच्या तपासणीसाठी बहुधा ५० ते ७५ लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. प्रोब हातात धरून गुदमार्गाने आत नेला जातो व गुदाशयाच्या भित्तीतून खाली असलेल्या गर्भाशय व बीजकोशांवर टेकवला जातो. मृदू ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर धरतात. दोन भिन्न ऊतींच्या सीमेवर ध्वनीचा काही अंश परततो. तो परतण्यास लागलेल्या वेळावरून खोली कळते आणि त्याच्या तीव्रतेवरून पडद्यावरील ठिपक्याचा उजळपणा ठरतो.

द्रवात अशा सीमा नसतात, म्हणून द्रव काळा दिसतो. अस्थी बहुतेक सर्व ध्वनी परत पाठविते, म्हणून ती पांढरी दिसते व तिच्यामागे काळी सावली पडते. मांसल ऊती या दोहोंच्या मध्ये, करड्या रंगाच्या विविध छटांत दिसतात. बीजकोशातील द्रवाने भरलेले पुटक काळ्या वर्तुळासारखे, तर पीतपिंड करड्या गोळ्यासारखा का दिसतो, हे यावरून समजेल.

पशुप्रजननात या तंत्राचा उपयोग १९८०च्या सुमारास सुरू झाला. त्या वर्षी फ्रान्समधील पामर व द्रियानकूर यांनी घोडीच्या प्रजननसंस्थेवरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९८४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे रॉजर पिअरसन व ओ. जे. गिंथर यांनी गाईच्या बीजकोशाचे सोनोग्राफीद्वारे केलेले वर्णन प्रसिद्ध केले. तोपर्यंत हाताने चाचपून जे कळेल त्यावर किंवा कत्तलखान्यातील अवयवांवर अभ्यासकांना भिसत ठेवावी लागे. सोनोग्राफीमुळे त्याच जिवंत गाईचा तोच बीजकोश रोज पाहता येऊ लागला.

छटेचा आकडा

संगणकाच्या दृष्टीने हे चित्र म्हणजे लहान लहान चौकोनी ठिपक्यांची जाळी होय. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ पर्यंतचा एक आकडा दिलेला असतो. ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पूर्ण पांढरा. डोळ्यांना शेजारशेजारच्या दोन करड्या छटा सारख्याच वाटतात. संगणकाला मात्र ८० आणि ८६ हे दोन वेगळे आकडे असतात. डोळ्याची मर्यादा ओलांडणे व निरीक्षकाच्या मतावर कमीत कमी विसंबणे, हे या पद्धतीचे मूळ प्रयोजन आहे.

विश्लेषण साधारणपणे तीन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात ऊतीवर लहान वर्तुळे ठेवून त्यांतील ठिपक्यांची सरासरी काढतात. दुसऱ्या प्रकारात पुटकाच्या पोकळीपासून भित्तीपलीकडे एक रेषा ओढून त्या रेषेवर छटा कशी बदलते हे पाहतात. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण अवयवाची सीमा आखून आतील सर्व ठिपके विचारात घेतात. प्रत्येक वेळी मुख्यतः दोन गोष्टी मोजल्या जातात. एक म्हणजे सरासरी उजळपणा आणि दुसरी म्हणजे ठिपक्यांतील विषमता.

या दोन्हींची गरज एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका ऊतीत चारही ठिपक्यांचे मूल्य १०० आहे. दुसरीत ते ०, २००, ०, २०० असे आहे. दोन्हींची सरासरी १००च येते. परंतु पहिली ऊती एकसारखी तर दुसरी पूर्ण विषम आहे. तरीही एवढ्याने काम भागत नाही. बुद्धिबळाचा पट आणि अर्धा काळा व अर्धा पांढरा रंगवलेला फळा यांची सरासरीही सारखी व विषमताही सारखी, पण मांडणी अगदी निराळी असते. म्हणून कोणत्या छटेशेजारी कोणती छटा किती वेळा येते हे मोजणारी पद्धत वापरतात. रॉबर्ट हॅरलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये मांडलेली ही रीत आजही पोताच्या मापनाचा पाया मानली जाते.

पुटक : आकार एक, अवस्था दोन

गाईच्या २१ दिवसांच्या चक्रात पुटके एकेक करून वाढत नाहीत, ती लाटांनी वाढतात. बहुतेक गाईंत एका चक्रात दोन किंवा तीन लाटा असतात. दोन लाटांच्या चक्रात त्या बीजोत्सर्गाच्या दिवशी आणि नवव्या-दहाव्या दिवसाच्या सुमारास सुरू होतात. तीन लाटांच्या चक्रात तिसरी लाट साधारण पंधराव्या-सोळाव्या दिवशी उठते. प्रत्येक लाटेत एक पुटक इतरांना मागे टाकून प्रधान बनते. ते वाढते, काही दिवस स्थिर राहते आणि त्या वेळी पीतपिंड कार्यरत असेल, तर बीज न सोडताच ऱ्हास पावते. पुढच्या लाटेला वाट मिळते ती त्यानंतरच.

व्यवहारातील अडचण येथे सुरू होते. बीजकोशावर १२ मिलिमीटरचे पुटक दिसले, तर ते चढतीवर आहे की उतरतीवर? एका दिवसाच्या एका मापावरून हे सांगता येत नाही. चढत्या पुटकाभोवती केलेले उपचार व रेतन सफल होण्याची शक्यता असते, उतरत्या पुटकाबाबत ती नसते.

या प्रश्नाचे उत्तर छटेतून मिळते काय, याचा पद्धतशीर शोध १९९०च्या दशकात कॅनडातील सॅस्कॅचेवान विद्यापीठात घेण्यात आला. रॉजर पिअरसन, ग्रेग ॲडम्स, जसवंत सिंग व त्यांचे सहकारी यांनी ठरावीक दिवशी गाईंच्या बीजकोशाची चित्रे घेतली आणि त्यांची संप्रेरकांच्या पातळीशी व ऊतींच्या सूक्ष्मदर्शकीय रचनेशी सांगड घातली. निरोगी, वाढत्या पुटकातील द्रव गडद व एकसारखा दिसतो. पुटकाचा ऱ्हास सुरू झाला की आतील अस्तराच्या पेशी सुटून द्रवात मिसळतात, भित्तीची रचना बदलते आणि त्यानुसार छटेची विषमता व भित्तीजवळील उतार यांत फरक पडतो. या अभ्यासाचे खरे महत्त्व केवळ संगणकात नव्हते. चित्रातील आकड्याला प्रत्येक वेळी ऊतीची व संप्रेरकाची साक्ष जोडलेली होती, म्हणून अनुमानाला आधार मिळाला.

वैद्यवर्गाला विशेष वाटावी अशी एक गोष्ट येथे नमूद करणे योग्य होईल. गाईवरील या अभ्यासातूनच पुढे स्त्रियांच्या चक्राकडे नव्याने पाहिले गेले. २००३ मध्ये अँजेला बेअरवाल्ड, ॲडम्स व पिअरसन यांनी ५० निरोगी स्त्रियांच्या बीजकोशांची रोज सोनोग्राफी करून स्त्रियांतही पुटके दोन किंवा तीन लाटांनी वाढतात असे दाखविले.

पीतपिंड : रचना आणि कार्य

बीज बाहेर पडल्यावर त्या जागी पीतपिंड तयार होतो आणि प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकविणारे संप्रेरक स्रवतो. पक्व पीतपिंडात पेशी दाट व बऱ्याच एकसारख्या असतात, ऱ्हासाच्या वेळी संयोजी ऊतींचे प्रमाण वाढत जाते. त्यामुळे पक्व आणि ऱ्हास पावणाऱ्या पीतपिंडाच्या पोतात फरक पडावा अशी अपेक्षा होती व काही अभ्यासांत तसा तो आढळलाही. तथापि छटेचा आकडा आणि रक्तातील प्रोजेस्टेरॉन यांचा संबंध सर्व अभ्यासांत सारखाच दृढ आढळलेला नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पीतपिंडाचे कार्य थांबते तेव्हा त्याची रचना लगेच नाहीशी होत नाही. संप्रेरकाची पातळी काही तासांत घसरते. गोळा मात्र आणखी काही दिवस पडद्यावर दिसत राहतो. करड्या चित्रात रचना दिसते, कार्य दिसत नाही.

ही उणीव रंगीत डॉप्लर सोनोग्राफीने बऱ्याच अंशी भरून निघाली. या पद्धतीत वाहत्या रक्ताच्या जागी ठिपके रंगीत होतात. पीतपिंडाच्या एकूण क्षेत्रापैकी किती भाग रंगीत आहे हे संगणक मोजतो. पीतपिंड कार्य थांबवितो तेव्हा त्याचा रक्तपुरवठा संप्रेरकाबरोबरच घटतो, म्हणून हे माप कार्याच्या अधिक जवळ जाते. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१३ मध्ये कृत्रिम रेतनानंतर विसाव्या दिवशी पीतपिंडाचा रक्तप्रवाह पाहून गाभण नसलेल्या गाई ओळखता येतात असे दाखविले. नेहमीच्या सोनोग्राफीने गर्भाची खात्री प्रत्यक्ष व्यवहारात अठ्ठाविसाव्या-तिसाव्या दिवसाच्या सुमारास होते. त्यामुळे रिकाम्या गाईचा आठ-दहा दिवसांचा खोळंबा वाचतो.

मात्र या निष्कर्षाची दिशा लक्षात घ्यावी. रक्तप्रवाह नाही, तर गाय गाभण नाही, हे विधान बरेच विश्वसनीय आहे. रक्तप्रवाह आहे, म्हणून गाय गाभण आहेच, हे विधान तसे नाही. गर्भ नसतानाही पीतपिंड काही काळ कार्यरत राहू शकतो.

गर्भाशय व वृषण

माजाच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराला सूज येते व त्याचे चित्र अधिक विषम होते. पीतपिंडाच्या काळात ते पुन्हा एकसारखे दिसू लागते. गर्भाशयशोथात पोकळीतील द्रवात तरंगणारे उजळ कण दिसतात. माजाच्या स्वच्छ स्रावात असे कण नसतात. वारंवार उलटणाऱ्या गाईत ही तपासणी विशेष उपयोगी ठरते, कारण तेथे दोष बीजकोशात नसून गर्भाशयात असण्याची शक्यता असते.

वळूच्या वृषणाचा पोतही अशाच रीतीने मोजतात. वासरू वयात येऊ लागते तसतशा शुक्रनलिका विकसित होतात व वृषणाचे चित्र उजळत जाते. परंतु आजचे चित्र आणि आजचे वीर्य यांची सरळ तुलना करता येत नाही. वळूत शुक्राणू तयार होण्यास सुमारे ६१ दिवस लागतात, त्यानंतर ते अधिवृषणातून प्रवास करतात. आज वृषणात दिसणारा बिघाड वीर्यात काही आठवड्यांनी उतरतो. कोणत्याही शुक्रवर्धक औषधाची परीक्षा आठ-पंधरा दिवसांत होऊ शकत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आकडा कोठे फसवितो

आठ सेंटिमीटर खोलीचे चित्र ४८० ठिपक्यांत मांडले, तर एका ठिपक्याची बाजू सुमारे ०.१७ मिलिमीटर, म्हणजे १७० मायक्रॉन येते. पीतपिंडातील मोठी पेशीदेखील साधारण २५ ते ४० मायक्रॉनची असते. म्हणजे एका ठिपक्यात डझनावारी पेशींचा प्रतिध्वनी एकत्र झालेला असतो. ७५ लाख कंपनांच्या ध्वनीची लहरलांबीच सुमारे ०.२ मिलिमीटर आहे. त्याहून सूक्ष्म रचना या चित्रात वेगळ्या दिसणे शक्य नाही. ‘पेशींची वाढ सोनोग्राफीत दिसली’ असे कोणी म्हणत असेल, तर ते विधान यंत्राच्या शक्तीबाहेरचे समजावे.

दुसरी गोष्ट यंत्राच्या मांडणीची. प्रतिध्वनीची उजळणी वाढविण्याचे बटण थोडे फिरवले की सर्व ठिपक्यांचे आकडे वाढतात, ऊती मात्र तीच असते. खोलीनुसार उजळपणा जुळविण्याची व्यवस्था, कंपनसंख्या, केंद्रबिंदू, चित्र साठविताना झालेले आकुंचन, या प्रत्येकाचा आकड्यावर परिणाम होतो. द्रवाने भरलेल्या पुटकाच्या मागील भाग नेहमीच जास्त उजळ दिसतो, कारण द्रवातून जाताना ध्वनी क्षीण होत नाही. तेथे वर्तुळ ठेवून सरासरी काढली, तर ऊतीचा नव्हे, पुटकाच्या जागेचा गुण मोजला जातो. प्रोब नीट टेकला नाही, मध्ये वायू किंवा शेण राहिले, तरीही आकडे बदलतात. म्हणून एका यंत्रावरचा ९० हा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या ९० शी तोलता येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनसारखे हे निरपेक्ष माप नाही.

तिसरी गोष्ट जातींची. झेबू गोवंशात प्रधान पुटक व पीतपिंड हे युरोपीय जातींपेक्षा लहान असतात. म्हशीत पीतपिंड पुष्कळदा बीजकोशात खोल रुतलेला असतो व हाताला सहज लागत नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत सोनोग्राफी अधिक उपयुक्त असली, तरी गाईवर ठरविलेल्या मर्यादा तिला लावणे योग्य नव्हे. अलीकडे पुटकांची सीमा आपोआप आखणाऱ्या व चित्रावरून अवस्था सुचविणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली विकसित होत आहेत. त्या ज्या चित्रांवर शिकविल्या जातात, त्यांच्याच मर्यादा बरोबर घेऊन येतात. होल्स्टीन गाईंच्या चित्रांवर शिकलेल्या प्रणालीने खिल्लार गाय किंवा पंढरपुरी म्हैस यांविषयी दिलेला निर्णय स्थानिक पडताळणीशिवाय स्वीकारू नये.

‘माजावर येत नाही’ म्हणजे काय

आता औषधालयातील मूळ प्रश्नाकडे वळू. माजावर न येणे हे लक्षण आहे, व्याधी नव्हे. त्यामागे निदान पाच भिन्न स्थिती असू शकतात.

१. जनावर गाभण आहे. पशुपालकाच्या लक्षात नसलेले रेतन किंवा मोकाट वळूचा संबंध ही नेहमीची शक्यता होय.

२. चक्र नियमित चालू आहे, परंतु माज मुका आहे किंवा रात्री येऊन गेला. म्हशीत, विशेषतः उन्हाळ्यात, हे फार आढळते. येथे बीजकोश निरोगी असतो, उणीव निरीक्षणाची असते.

३. गर्भाशयातील पू किंवा अन्य विकारामुळे पीतपिंड टिकून राहिला आहे.

४. बीजकोश खरोखरच निष्क्रिय आहेत. कुपोषण, खनिजांची कमतरता, नुकतेच झालेले बाळंतपण, वासराचे सततचे पिणे ही त्याची कारणे असतात.

५. बीजकोशावर द्रवग्रंथी झाली आहे.

या पाचही जनावरांचा पशुपालक एकच वाक्य बोलतो. हाताने किंवा सोनोग्राफीने तपासणी झाली, तर गाभण जनावर प्रथम वेगळे काढता येते आणि इतरांतील भेदही बऱ्याच अंशी स्पष्ट होतो. शंका राहिल्यास दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन वेळा प्रोजेस्टेरॉन तपासतात. दोन्ही वेळा ते अत्यल्प असेल, तर बीजकोश निष्क्रिय असल्याचे अनुमान बळकट होते.

तपासणी न करता औषध दिल्यास हानी कोणती? दुसऱ्या स्थितीत औषध निरर्थक ठरते. तिसऱ्या स्थितीत रोग वाढत राहतो. चौथ्या स्थितीत केवळ औषधाने काम होत नाही, चारा व खनिजे सुधारावी लागतात. प्रत्येक चुकलेला माज म्हणजे दुधाविना आणखी २१ दिवसांचा चारा, हे अल्पभूधारकाला परवडणारे नसते. परंतु सर्वांत मोठा धोका पहिल्या स्थितीत आहे. गर्भाशयाचे आकुंचन घडविणारी द्रव्ये, मग ती ‘वार पाडणारी’ म्हणून दिली जावोत की ‘माजावर आणणारी’ म्हणून, गाभण जनावराला दिली तर गर्भ जाण्याची भीती असते. कळलावी, म्हणजे लांगली, हे याचे ठळक उदाहरण होय. तिच्यातील कोल्चिसिन हे तीव्र विष आहे आणि कायद्याच्या ‘ई-१’ या परिशिष्टातील विषारी द्रव्यांच्या सूचीत तिचा समावेश आहे. आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीला स्वतंत्र परवान्याची अट नाही, त्यामुळे ही जबाबदारी विक्रेत्याच्या विवेकावरच येऊन पडते.

प्रचारपत्रक कसे वाचावे

एखाद्या उत्पादनाच्या पाठिंब्यासाठी चित्रविश्लेषणाचे आकडे दिले असतील, तर पुढील प्रश्न विचारावेत.

एक, औषध न दिलेल्या जनावरांचा तुलनागट होता काय? व्यायल्यानंतर काही आठवड्यांनी अनेक गाई आपोआप माजावर येतात. ऋतू पालटला, पावसाळ्यानंतर हिरवा चारा मिळाला की म्हशी माज दाखवू लागतात. तुलनागट नसेल, तर हे श्रेय औषधाच्या खात्यावर जमा होते.

दोन, प्रारंभी सर्व जनावरांची अवस्था निश्चित केली होती काय? मुका माज असलेली जनावरे ‘निष्क्रिय बीजकोश’ म्हणून घेतली असतील, तर यश जवळजवळ ठरलेलेच असते.

तीन, सर्व चित्रे एकाच यंत्रावर, एकाच मांडणीत घेतली काय? मोजणाऱ्याला कोणत्या जनावरास औषध दिले हे माहीत नव्हते काय?

चार, छटेच्या आकड्याबरोबर संप्रेरकाची पातळी दिली आहे काय?

पाच आणि सर्वांत महत्त्वाचे, किती जनावरे गाभण राहिली व व्याली? पशुपालकाला पिक्सेल नको असतो, वासरू हवे असते. छटा सुधारली पण गर्भधारणा वाढली नाही, तर ते औषध सिद्ध झाले असे म्हणता येणार नाही.

शतावरी, जीवंती यांसारख्या द्रव्यांचा पशूंतील उपयोग आपल्याकडे दीर्घकाळ चालत आला आहे. त्यांची परीक्षा या कसोटीवर व्हावी, हे आपल्याच हिताचे आहे. योग्य रीतीने वापरलेली सोनोग्राफी जनावराला इजा न करता, त्याच जनावरात औषधापूर्वी व औषधानंतर बीजकोश दाखवू शकते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या सहकार्याने असे अभ्यास आखले गेले, तर परंपरेने सांगितलेल्या गुणांपैकी कोणते टिकतात हे कळेल आणि जे टिकतील त्यांना कोणाच्याही शिफारशीची गरज उरणार नाही.

कायद्याच्या मर्यादा

हे तंत्र समजून घेणे आणि ते स्वतः वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी राखून ठेवलेला आहे. तसेच गर्भधारणापूर्व व प्रसवपूर्व निदान तंत्र (लिंग निवडीस प्रतिबंध) कायदा, १९९४ आणि त्यातील २००३ची सुधारणा यांमुळे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला सोनोग्राफी यंत्र विकण्यास मनाई आहे. ‘जनावरांसाठीच आहे’ या सबबीवर हाताळण्यास सोपे, स्वस्त यंत्र कोणी देऊ केल्यास ते घेण्याचा मोह टाळावा. स्त्रीभ्रूणहत्येच्या पार्श्वभूमीवर झालेल्या या कायद्याचे गांभीर्य आपणांस सांगावे लागू नये.

समारोप

२०१९च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंश व १०.९८ कोटी म्हशी आहेत. त्यांतील फार मोठा भाग दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांच्या गोठ्यात आहे आणि ही कुटुंबे अनेकदा पशुवैद्यकाआधी जवळच्या औषधालयात पोहोचतात. म्हणून औषधालयाच्या मालकाने ‘माजाचे औषध’ देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा. जनावर शेवटचे केव्हा भरवले किंवा मोकळे सुटले होते? ते व्याल्याला किती महिने झाले? गाभण नसल्याची तपासणी पशुवैद्यकाकडून झाली आहे काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, तर बाटली फडताळातच ठेवावी आणि पशुपालकाला प्रथम तपासणीसाठी पाठवावे. त्या दिवसाची विक्री बुडेल, परंतु एखाद्या गोठ्यातील गर्भ वाचेल व तो पशुपालक पुढच्या वेळी आपला सल्ला अधिक विश्वासाने मागेल.